टॉकीज उघडायची तर आधी छपरावर चढा

बंद पडलेली टॉकीज पुन्हा सुरू करायची असं ठरलं की पहिली चर्चा प्रोजेक्टरची होते. कुठला घ्यायचा, केवढ्याला पडेल, जुना चालेल का. पण कोकणात टॉकीज मशीन बिघडल्यामुळे मरत नाही, ती छपरातून मरते. आधी पाणी येतं, मग वाळवी, मग पडद्यावर बुरशी चढते, संवाद कळेनासे होतात आणि शेवटी माणसं यायची थांबतात. आमचं काम वरून खाली झालं. तो क्रम आणि त्यातले आकडे इथे लिहून ठेवतो आहोत, कारण किनाऱ्यावर अशा इमारती अजून उभ्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच वाचवता येण्यासारख्या आहेत.

आमची टॉकीज दक्षिण रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत, बाजारपेठेच्या टोकाला. हॉल आतून ८० फूट लांब, ४२ फूट रुंद, सरासरी उंची २२ फूट. दीड फुटी चिऱ्याच्या म्हणजे जांभ्याच्या भिंती, छप्पर पेलणाऱ्या लाकडी तिकोनी चौकटी म्हणजे कैच्या, मूळची मंगलोरी कौलं उतरवून नंतर कधीतरी घातलेले सिमेंटचे पत्रे. खाली स्टॉल, मागे छोटी बाल्कनी, एकूण ४८० खुर्च्या. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने वर सरकलं तेव्हा पश्चिमेकडच्या पाख्याचे पत्रे गेले. त्यानंतरचे पावसाळे हॉलने तसेच अंगावर घेतले.

आधी कागद. कोकणात जुन्या जागेच्या मालमत्ता पत्रकावर वारसांची नावं वाढत गेलेली असतात आणि निम्म्याहून जास्त सहहिस्सेदार मुंबईला असतात. सिनेमाचं लायसन्स मागणाऱ्याकडे जागेचा कायदेशीर ताबा असल्याचं दाखवावं लागतं, म्हणून सगळ्यांची संमतीपत्रं आणि रीतसर नोंदवलेला भाडेकरार हे पहिलं काम. हे गणपतीत उरकावं. मे महिन्यात माणसं येतात, पण भाऊबंद एकाच वेळी एका घरात सापडतात ते गणपतीतच.

लायसन्स जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून मिळतं, महाराष्ट्र सिनेमा (विनियमन) नियम, १९६६ प्रमाणे. त्यासाठी इमारतीच्या मजबुतीचा दाखला, विद्युत निरीक्षकांचा दाखला, अग्निशमनाचा ना-हरकत दाखला, पोलिसांचा आणि आरोग्य खात्याचा अहवाल लागतो. इथे चूक होते ती क्रमाची. दाखल्यांना मुदत असते. वायरिंगचा दाखला आधी काढला आणि मग सीलिंगचं काम लांबलं, तर तपासणी पुन्हा करून घ्यावी लागते. म्हणून अर्ज आणि नकाशे आधी द्यावेत, पण तपासण्या काम संपल्यावर एकाच महिन्यात लागोपाठ लावून घ्याव्यात.

दाखल्यांच्या धावपळीत प्रोजेक्टरची केबिन नीट बघायची राहू नये. टॉकीजचं वय आणि तिचा प्रवास कागदापेक्षा केबिनच स्पष्ट सांगते. भिंतीतल्या प्रत्येक झरोक्यावर लोखंडी झापड असेल आणि त्याची साखळी मशीनच्या डोक्यावरून गेलेली असेल, तर ती खोली नायट्रेट फिल्मच्या भीतीने बांधलेली आहे. ती फिल्म पेटली की विझत नसे, पाण्याखालीही जळत राही. आग लागली की साखळीतला मऊ धातूचा तुकडा वितळायचा, झापड आपोआप पडायची आणि धूर हॉलमध्ये जात नसे. नायट्रेट फिल्मचं उत्पादन १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला थांबलं, पण झापडांचा नियम पुढे कितीतरी वर्षं तसाच राहिला. छताला दोन गोल धुराडी दिसली, तर तिथे कार्बन आर्कची दोन मशीनं होती. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये डीसी करंटचा जाळ पेटवून उजेड काढायचा. त्याचा धूर बाहेर काढायला ती धुराडी. ऑपरेटरला कांड्यांमधलं अंतर सारखं राखावं लागे, नाहीतर पडदा पिवळा पडायचा.

दोन मशीनं का, तर रीळ लहान म्हणून. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. २,००० फुटांचं रीळ २२ मिनिटांत संपतं. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे साडेतेरा हजार फूट, सात रिळं. रीळ संपत आलं की चित्राच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकायचा. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन चालू करायचं, सात-एक सेकंदांनी दुसऱ्या ठिपक्याला उजेड त्याच्यावर टाकायचा. हे हातात बसलेल्या ऑपरेटरच्या खेळात प्रेक्षकाला सांधा दिसत नसे. रिळांच्या पेट्या मुंबईहून एसटीच्या टपावरून यायच्या. बुकिंग व्हायचं लॅमिंग्टन रोडवरच्या नाझ इमारतीच्या आवारात, जिथे वितरकांची ऑफिसं दाटीने बसलेली होती. पावसाळ्यात घाट बंद झाला की पेटी अडकायची आणि गेल्या आठवड्याचाच खेळ पुढे चालू ठेवावा लागायचा. रस्त्याने येणाऱ्या प्रिंटवर जगणारी टॉकीज आणि पावसाचा प्रदेश, ही ओढाताण इथल्या प्रत्येक पडद्याने सोसली आहे.

आता छप्पर.

पहिलं काम लाकडाचं. कैची मधून क्वचित सडते. ती सडते टोकाला, जिथे ती चिऱ्याच्या भिंतीत शिरते. जांभा पाणी धरून ठेवतो आणि भिंतीतल्या खाचेत वारा नसतो. त्यामुळे वरून साग किंवा किंजळ ठणठणीत दिसतो आणि आत टोकाचा भुसा झालेला असतो. हातोडीने ठोकत जावं, आवाज बोदा आला की तिथे आरी खुपसून बघावी. आरी बोटभर सहज गेली तर ते टोक गेलं. आमच्या नऊ कैच्यांपैकी चार टोकं गेलेली होती, चारही पश्चिमेची. संपूर्ण कैची बदलायची गरज नसते. आधी खालून टेकू द्यायचा, सडकं टोक चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचं, दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनल लावून आरपार बोल्ट घालायचे आणि टोक काळ्या दगडाच्या तळावर, मध्ये डांबरी पट्टी घालून टेकवायचं. खाच बंद करायची नाही, बाजूला दोन बोटं फट ठेवायची म्हणजे वारा लागतो. एका वेळी एकच कैची. दोन कैच्यांखाली एकदम टेकू लावून घाई केली तर आढं खाली बसतं आणि मग कुठलाच पत्रा सरळ येत नाही.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. म्हणून हे पत्रे कोरडे कापू किंवा फोडू नयेत. पाणी मारून, तोंडाला चांगला मास्क बांधून, हुक कापून अख्खेच्या अख्खे उतरवावेत.

नव्या पत्र्याला वादळाचा हिशेब ठेवावा लागतो. वारा पत्रा ढकलून पाडत नाही, तो उचलतो. छपराच्या वरून वेगाने जाताना तो वर ओढतो, आणि उघड्या झरोक्यातून आत शिरलेला वारा खालून रेटतो. दोन्ही जोर एकाच दिशेने लागतात. सगळ्यात जास्त ओढ पागोळीच्या ओळीला, आढ्याला आणि चार कोपऱ्यांना असते. म्हणून मधल्या भागात एक सोडून एक उंचवट्यावर स्क्रू चालतो, पण कडेच्या चार फुटांत प्रत्येक उंचवट्यावर हवा. स्क्रू खोलगट भागात मारला तर तिथून पाणी उतरणारच, तो उंचवट्यावरच मारायचा. आडव्या सांध्याला दोन उंचवटे चढवायचे, उभ्या सांध्याला निदान नऊ इंच, कारण इथे पाऊस आडवा येतो. खाली रबरी वॉशर नसेल, किंवा स्क्रू साधा असेल, तर खाऱ्या वाऱ्याने दोन-तीन पावसाळ्यांत त्याचं डोकं गळून पडतं. खालचे झरोके बंद करता येतील अशी झापडं लावली, आणि वादळाचा इशारा आला की ती बंद करायची हे आता नेमून दिलेलं काम आहे.

पन्हळीचा हिशेबही आधी करावा. एका पाख्याचं जमिनीवरचं क्षेत्र आमच्याकडे साधारण १,८४० चौरस फूट, म्हणजे १७१ चौरस मीटर. तासाला १०० मिलिमीटरची सर आली, आणि जुलैत अशी सर येते, तर त्या एका बाजूने तासाला १७,१०० लिटर पाणी उतरतं. सेकंदाला पावणेपाच लिटर. आधी तिथे एकच चार इंची पाइप होता. पाणी भिंतीत का जात होतं याचं उत्तर तिथेच मिळालं. आता प्रत्येक बाजूला तीन सहा इंची पाइप आहेत आणि पन्हळीच्या तोंडाशी जाळी आहे.

भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा होता, तो फुगून सुटला होता. जांभ्यातला ओलावा चुन्यातून बाहेर पडतो, सिमेंटमागे अडकतो. ओल्या भागाचा गिलावा काढून भिंत एक उन्हाळा उघडी ठेवली आणि मग चुन्याचा गिलावा केला. वेळ लागतो, गवंडीही सहज मिळत नाही, पण यात तडजोड करू नये. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्याआधी बाहेरून झापं किंवा पत्र्याचं आवरण बांधलं की निम्मं काम होतं. घराच्या पडवीला आपण करतो तेच.

वटवाघळं होती. ती संध्याकाळी बाहेर पडल्यावर झरोक्यांना जाळी मारायची, पण पिल्लांच्या दिवसांत नाही. तेव्हा जाळी मारली तर पिल्लं आत मरतात आणि वास महिनाभर जात नाही. दिवाळीनंतर हे काम करावं.

छप्पर कोरडं झालं, एक पावसाळा त्याखाली उभं राहून बघितला, तेव्हाच आवाजाच्या कामाला हात घातला.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण जुन्या टॉकीजचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं आणि ते कुणी ओळखत नाही. जुने प्रेक्षक सांगतात की पूर्वी आवाज स्पष्ट यायचा, आता घुमतो. मालक म्हणतो, स्पीकर बदलले पाहिजेत. नवे स्पीकर येतात आणि आवाज तेवढाच घुमतो. बदललेली गोष्ट वेगळीच असते. पूर्वी हॉल भरायचा, आता भरत नाही. माणसाचं अंग आणि कपडे आवाज शोषतात. बसलेला एक माणूस साधारण साडेचार चौरस फूट उघड्या खिडकीएवढा आवाज गिळतो.

हिशेब असा. हॉलचं घनफळ ८० गुणिले ४२ गुणिले २२, म्हणजे ७३,९२० घनफूट. आवाज बंद केल्यावर तो विरायला लागणारा वेळ काढायचं सबीनचं सूत्र आहे: घनफळ गुणिले ०.०४९, भागिले एकूण शोषण. रिकाम्या हॉलमध्ये फुगा फोडून मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर वेळ अडीच सेकंद आला. म्हणजे शोषण अवघं १,४५० चौरस फूट. गुळगुळीत गिलावा, कोबा आणि लाकडी खुर्च्या, दुसरं काय येणार? त्यात ४८० माणसं बसवा. २,१६० ची भर पडते, एकूण ३,६१०, आणि वेळ येतो एक सेकंद. संवादाला या आकाराच्या हॉलमध्ये एक सेकंद उत्तम. आता ६० माणसं बसवा. वेळ दोन सेकंदांच्या वर जातो आणि प्रत्येक शब्दावर मागच्या शब्दाची शेपटी चढते. हाऊसफुलमध्ये टॉकीज जी छान वाजायची, ती प्रेक्षकांमुळे वाजायची. म्हणून आज मोजक्या माणसांसाठी टॉकीज चालवायची असेल तर न आलेल्या माणसांचं शोषण आपण भिंतींना आणि खुर्च्यांना द्यायला हवं.

आम्ही ते असं दिलं. खुर्च्या ४८० वरून २४० केल्या, पण गादीच्या, कापडी. रिकामी गादीची खुर्ची साधारण साडेतीन चौरस फूट शोषते, म्हणजे ८४०. रेक्झिन स्वस्त पडतं आणि पुसता येतं, पण ते आवाज परतवतं, आणि इथल्या दमटपणात त्याचे पापुद्रे निघतात. मागच्या भिंतीवर ४०० चौरस फूट आणि बाजूच्या भिंतींवर ७०० चौरस फूट, दोन इंच जाडीचे रॉकवूलचे (दगडाच्या तंतूंच्या लोकरीचे) तक्ते, वर कापड. शोषण सुमारे ८० टक्के धरलं, ८८० मिळाले. छताखाली मागच्या १,१०० चौरस फुटांत भोकांचं बोर्ड, त्यावर रॉकवूल. निम्मं शोषण धरून ५५०. बेरीज साधारण ३,७००. हिशेब ढोबळ आहे, पण काम झाल्यावर फुगा पुन्हा फोडला तेव्हा वेळ एक सेकंदाच्या आसपासच आला.

मागची भिंत आधी करावी, पैसे कमी असतील तर फक्त तीच करावी. पडद्याकडून निघालेला आवाज ८० फूट मागे जाऊन परत पुढच्या रांगेत येतो तो १६० फुटांचा प्रवास करून, म्हणजे ०.१४ सेकंद उशिरा. इतक्या उशिरा आलेला आवाज कान वेगळा ऐकतात. पुढे बसलेल्याला प्रत्येक टाळी दोनदा ऐकू येते ती यामुळे.

तक्ते भिंतीला चिकटवू नयेत. मागे दोन इंच पोकळी ठेवली की खर्जाचा आवाजही थोडा शोषला जातो, आणि ओलसर भिंतीचा रॉकवूलला स्पर्श होत नाही. भिजलेलं रॉकवूल वजनाने खाली बसतं आणि निकामी होतं. काथ्याची चटई आणि तरट हे आपल्याकडे स्वस्त आणि हाताशी असलेले पर्याय, आवाजालाही बरे. पण ते भराभर पेटतात. हॉलमध्ये जे कापड लागेल ते आगरोधक प्रक्रिया केलेलंच हवं.

पत्र्यावरचा पाऊस हा वेगळा शत्रू. जोराच्या सरीत पत्र्याखाली बोललेलं शेजारच्याला कळत नाही. पूर्वी ऑपरेटर आवाज वाढवायचा, सर थांबली की कमी करायचा. उपाय एकच, पत्रा आणि हॉल यांमध्ये जड थर आणि हवेची पोकळी. पत्र्याखाली दोन फूट सोडून फायबर सिमेंटचं सीलिंग आणि त्याच्या पाठीवर दोन इंची रॉकवूल. सीलिंगचा लोखंडी सांगाडा कैचीला थेट घट्ट न बांधता मध्ये रबरी तुकडे दिले, नाहीतर पत्र्याची थरथर लाकडातून खाली उतरते. पोकळीत उंदीर आणि वटवाघूळ जाणार नाही अशी जाळी, आणि माणूस रांगत जाऊन गळती बघू शकेल अशी दोन झाकणं. ही झाकणं ठेवायला विसरू नये.

स्पीकर पडद्यामागे तीन: डावा, मधला, उजवा. संवाद मधल्यातून येतात, म्हणून खर्चाची ओढाताण झाली तर मधला सर्वोत्तम घ्यावा. हॉर्नचं तोंड हॉलच्या दोन-तृतीयांश अंतरावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला रोखायचं. पडद्यामागच्या प्रत्येक चॅनलची पातळी ८५ डेसिबलला लावून घ्यायची. ती ध्वनिमापकाने, कानाने नाही.

पडद्याला बारीक भोकं असतात, आवाज त्यांतून येतो. हाच पडदा दमट हवेत मागून काळा पडतो. मागे तीन फूट जागा सोडली आणि त्या जागेत छोटा पंखा पावसाळाभर चालू ठेवला. पडदा ओल्या फडक्याने पुसायचा नाही, मऊ कोरड्या ब्रशने वरून खाली झटकायचा.

प्रोजेक्टर निवडताना जाहिरातीतले आकडे न बघता पडदा मोजावा. स्कोप म्हणजे जास्त रुंद चित्राला आमचा पडदा ३० फूट रुंद, साडेबारा फूट उंच. क्षेत्र ३७५ चौरस फुटांच्या आसपास. पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याचा उजळपणा मोजायचं माप) उजेड हे मान्य प्रमाण. क्षेत्राने गुणलं की पडद्यावर सव्वापाच हजार ल्युमेन पोचायला हवेत. पण स्कोपमध्ये डिजिटल चिपच्या १,०८० ओळींपैकी ८५८ च वापरल्या जातात, उजेडाचा पाचवा हिस्सा तिथेच जातो. केबिनच्या साध्या काचेत आणखी आठ टक्के. म्हणून मशीन निदान सव्वासात हजार ल्युमेनचं हवं, आणि दिवा जुना होत जातो तेव्हाही पुरायला हवं. अंधुक चित्र हे छोट्या गावातल्या टॉकीजचं दुखणं बहुतेक वेळा अंदाजाने घेतलेल्या मशीनमुळे असतं.

वाटा दोन आहेत. डिजिटल सेवा देणारी कंपनी आपलं मशीन बसवते, दर खेळाला भाडं घेते आणि जाहिराती दाखवण्याचा हक्क स्वतःकडे ठेवते. भांडवल कमी लागतं. मराठी आणि हिंदी चित्रपट मिळतात. दुसरी वाट, डीसीआय म्हणजे हॉलिवूडच्या स्टुडिओंनी ठरवलेल्या प्रमाणाचं मशीन स्वतः घ्यायचं. इंग्रजी मोठे चित्रपट हवे असतील तर तेच लागतं. वापरलेलं मशीन घेणार असाल तर एक गोष्ट जरूर तपासा. सर्व्हरच्या मीडिया ब्लॉकमध्ये, म्हणजे कुलूपबंद चित्रपट उलगडणाऱ्या भागात, एक बॅटरी असते, आणि तिच्या जिवावर त्याचं गुप्त प्रमाणपत्र टिकून राहतं. मशीन महिनोन्‌महिने बंद ठेवलं आणि बॅटरी संपली की प्रमाणपत्र पुसलं जातं. मग चित्रपट उघडणारी डिजिटल किल्ली त्या मशीनला लागतच नाही आणि तो भाग कारखान्यात पाठवावा लागतो. बंद टॉकीजमधलं मशीन स्वस्त मिळतं ते कधीकधी म्हणूनच. किल्लीचंही समजून घ्या. ती त्या एकाच सर्व्हरसाठी आणि ठरलेल्या तारखा-वेळांपुरती असते. गुरुवारी रात्रीच ती घालून, चित्रपट मध्यभागी आणि शेवटी उघडून बघावा. शुक्रवारी दुपारी माणसं दारात उभी असताना किल्ली चुकीची निघाली तर मुंबईला फोन करत बसावं लागतं.

पावसाळ्यात खेळ नसला तरी मशीन रोज तासभर चालवायचं. आतल्या उबेने ओल जाते. केबिनला एसी, आणि हवा आतून बाहेर जाईल असा दाब, म्हणजे खारी धूळ फटीतून आत येत नाही. लेन्स काढून ठेवली तर सिलिका जेलसह बंद डब्यात. बुरशी काचेच्या लेपात शिरली की पुसून जात नाही.

वीज. कातळावर अर्थिंग लागत नाही, ही किनाऱ्याच्या सड्यांवरची जुनी अडचण. साधा खड्डा करून, मीठ-कोळसा घालून उन्हाळ्यात ते सुकतं. बोअर खोल घेऊन, पाइपभोवती बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरून, दोन खड्डे जोडून एक ओहमच्या खाली आणलं. वळवाच्या विजांसाठी मेनला आणि सर्व्हरच्या ओळीला सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका जमिनीत वळवणारं उपकरण. जनरेटर पकडेपर्यंतची दहा-पंधरा सेकंदं यूपीएसने धरायची.

जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मर इमारतीपासून वेगळे, हे कुठल्याही कारणाने बदलू नये. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमात आग ट्रान्सफॉर्मरपासून लागली, धूर वर चढला, वाढवलेल्या खुर्च्यांनी वाट अडवली होती आणि ५९ माणसं गेली. खुर्च्या कमी करताना आम्ही मधली वाट रुंद केली. दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी, आतून ढकलताच उघडणाऱ्या दांड्याची. खेळ चालू असताना बाहेरून कडी घालायची जुनी सवय मोडायला सगळ्यात जास्त दिवस लागले.

तिकिटाचा दर ठरवताना मोह होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावरच्या तिकिटावर १८. शंभराचं तिकीट विकलं तर कर वजा जाता ९५ रुपये २४ पैसे राहतात. एकशेवीसचं विकलं तर १०१ रुपये ६९ पैसे. प्रेक्षकाच्या खिशातून वीस जास्त गेले, आणि वितरकाचा वाटा काढण्याआधीच आपल्याकडे आले साडेसहा. आम्ही शंभरावर थांबलो.

खेळांचं वेळापत्रक गावाच्या वर्षाला बांधलेलं हवं. मे महिना आणि गणपती हे चाकरमान्यांचे दिवस, पण गणपतीत संध्याकाळी घरोघर आरत्या आणि भजनं असतात, तेव्हा दुपारचा आणि रात्री साडेदहाचा खेळ चालतो, संध्याकाळचा नाही. शिमग्यात पालखी ज्या दिवशी गावात, त्या दिवशी पडदा बंदच ठेवावा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद; खलाशी गावी गेलेले, बाजारात पैसा नाही. त्या दोन महिन्यांत आठवड्याला शनिवार-रविवारचे चार खेळ पुरतात, बाकी दिवस देखभाल. दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात. पडद्यापुढे १४ फूट खोलीचा रंगमंच मूळचाच होता, तो दुरुस्त केला. दशावतार, नाटक, शाळांची संमेलनं यांचं भाडं वर्षाच्या विजेचं बिल भरून काढतं. मात्र या प्रयोगांआधी पडद्यावर जाड कापड सोडायचं. रंगपटाची पावडर भोकांत बसली की निघत नाही.

केबिनशेजारच्या खोलीत रोजच्या गल्ल्याची रजिस्टरं, काचेच्या जाहिरात स्लाइड, करमणूक कराचा शिक्का असलेली तिकीटबुकं आणि पोस्टरांचे गठ्ठे सापडले. अशी रजिस्टरं रद्दीत देऊ नयेत. कुठला खेळ किती दिवस चालला, कुठल्या वर्गाची किती तिकिटं गेली, पावसाने कुठला खेळ रद्द झाला, हे गावाच्या करमणुकीचं दुसऱ्या कुठेही न मिळणारं दप्तर असतं. ओली पानं उन्हात टाकू नयेत, ती आक्रसतात. सावलीत पंख्याखाली, मध्ये टीपकागद घालून सुकवावीत, प्रत्येक पानाचा फोटो काढावा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही तर पुठ्ठ्याच्या खोक्यात, जमिनीपासून फूटभर वर ठेवावीत. जुनी रिळं मिळाली तर डबा मोकळ्या जागी उघडावा. व्हिनेगरसारखा वास आला तर ॲसिटेट फिल्म कुजते आहे. चिकट झालेली किंवा तपकिरी भुकटी सुटलेली फिल्म नायट्रेटची असू शकते. ती हॉलमध्ये क्षणभरही ठेवू नये, उजेडाजवळ नेऊ नये. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावं. १९६४ पासून तिथे हेच काम चालतं.

जुन्या दोन मशीनांपैकी एकाचे सुटे भाग काढून दुसरं पूर्ण केलं आणि ते आता तिकीट खिडकीसमोर उभं आहे. आर्कच्या जागी छोटा दिवा, वीज जोडलेली नाही. महिन्यातून एकदा गिअरबॉक्सची काच बघून तेल भरायचं आणि मागचं चाक हाताने सावकाश फिरवायचं. माल्टीज क्रॉसची, म्हणजे फिल्म एकेक चित्र थांबवत पुढे सरकवणाऱ्या चाकाची, खटखट एकसारखी आली की झालं. खट चुकली तर फिरवणं थांबवून आधी आतला खिळा बघायचा.